मी सॉरी म्हटलं नव्हतं

मॅडमनी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि सान्वीच्या गळ्यात घातलं. सभागृहाच्या दारातच. आत दुसऱ्या देशांतली मुलं बोलत होती, टाळ्या ऐकू येत होत्या. ओळखपत्रावर माझं नाव छापलेलं होतं. मॅडमनी त्यावर पांढरी पट्टी चिकटवली आणि पेनाने सान्वीचं नाव लिहिलं. पट्टी त्यांच्या पर्समध्ये आधीपासून कापून ठेवलेली होती.

"मनाला लावून घेऊ नकोस," मॅडम म्हणाल्या. "काल सरावात तू 'आहे'च्या जागी पाच वेळा 'हाय' म्हणालीस. मराठीत ही तऱ्हा, तर इंग्रजीत काय? शाळेची शोभा होईल."

मी "बरं मॅडम" म्हटलं. हे लिहायला आजही जड जातं. पण म्हटलं.

तेव्हा मी नववीत होते. मॅडम आम्हाला विज्ञान शिकवायच्या, मुख्याध्यापिकाही त्याच. आमचं गाव तुडीलच्या बाजूला, सावित्रीच्या काठावर. समुद्र लांब आहे, पण भरतीचं खारं पाणी नदीतून आमच्या शेतांपर्यंत येतं. ते भातात घुसू नये म्हणून बांध आहे, आणि बांधाला फळ्यांचं दार आहे. त्याला उघाडी म्हणतात. भरतीला लावायची, ओहोटीला काढायची. गावाची उघाडी माझे बाबा सांभाळतात.

शाळेने समुद्रविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी विषय मागवले, तेव्हा मी हाच दिला. खारं पाणी नदीत किती आत येतं. सान्वी माझी जोडीदार. तिचे पप्पा एमआयडीसीत मोठ्या हुद्द्यावर होते. ती खाडीवर एकदा आली, बूट चिखलात रुतले, परत आली नाही. पण तक्ते तिने सुंदर केले, तेही खरं आहे.

पाणी मी भरलं. सात महिने. कधी भरायचं ते बाबांनी शिकवलं.

"आज तीथ काय गो?"

"सप्तमी."

"सातची पाऊणपट कर. सव्वापाच. दर्याला तवा भरती. हितवर यायला पाण्याला आनखी दोन तास. आधीच जाऊन काय चिखल मोजशील?"

म्हणून माझ्या वहीत पहिला रकाना तिथीचा होता. मग वेळ, मग खारेपणाचा आकडा. अमावास्येला आणि पौर्णिमेला आकडा चढायचा, अष्टमीला उतरायचा. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी वही घेऊन उघाडीवर पळत गेले. बाबा म्हणाले, "मग? ह्ये मला ठाव हाय." आणि हसले.

मॅडमनी तक्त्यातला तिथीचा रकाना खोडला. "पंचांग घेऊन परदेशी लोकांसमोर जायचं? उद्या राशीभविष्य सांगशील." त्या जागी लिहिलं, आठवडा पहिला, आठवडा दुसरा. आणि खाली, दर रविवारी सकाळी दहा वाजता.

"मॅडम, तसं नाही केलं," मी म्हटलं.

"शिस्तशीर दिसतं."



परिषदेत सान्वी फडाफड बोलली. मी खाली मॅडमच्या शेजारी बसले होते. पहिल्या रांगेत पांढऱ्या केसांच्या एक परदेशी शास्त्रज्ञ बाई होत्या. त्यांनी इंग्रजीत विचारलं, दहा वाजता भरती असायची की ओहोटी? सान्वी म्हणाली, दर रविवारी सारखंच असायचं. बाई म्हणाल्या, भरतीची वेळ तर रोज पुढे सरकते; तुमची सारखीच असेल तर या आकड्यांवर विश्वास ठेवता येणार नाही.

सात महिने. एका वाक्यात गेले. बाबांचं शिकवणंही त्यात गेलं.

मॅडमनी माझ्याकडे कागद सरकवला. "तिथीचं काय ते पटकन लिही. सान्वी वाचेल."

कागद मी घेतला. पेनही घेतलं. हात चालेना. मी उठले. कशी उठले ते मला आजही नीट सांगता येत नाही.

"ते रविवारचं खोटं हाय. पाणी मी भरलंय. भरती बघून भरलंय."

सत्राच्या अध्यक्षांना मराठी कळत नव्हतं. त्यांनी विचारलं, ही मुलगी काय म्हणते आहे? मॅडम उभ्या राहिल्या आणि हसल्या.

"शी इज सेइंग सॉरी, सर. शी इज व्हेरी नर्व्हस."

तेवढं इंग्रजी मला येत होतं.

"नो," मी म्हटलं. "आय नॉट सॉरी. माय वॉटर. शी टेल राँग."

मागे कोणीतरी हसलं. वेळ संपल्याची घंटा झाली. पुढच्या शाळेचं नाव पुकारलं. त्या बाई माझ्याकडे बघत होत्या, पण मला कोणी त्यांच्यापर्यंत नेलं नाही. मीही गेले नाही.

वीर स्टेशनवर बाबा न्यायला आले होते. रिक्षात सगळं ऐकून म्हणाले, "मॅडमना दुखवू नको गो. दाखल्यावर सही त्यांची हाय."

सही त्यांचीच होती. दहावीनंतर दाखला मिळाला. बाकी मुलांची वर्तणूक 'चांगली'. माझी 'समाधानकारक'. महाडला कॉलेजच्या प्रवेशाला खिडकीतल्या बाईंनी त्या शब्दावर बोट ठेवलं. "काय केलं होतंस?"

"उभी राहिले होते," मी म्हटलं. त्यांना कळलं नाही.

आता मी दुसऱ्या वर्षाला आहे. घरात कॉलेजला गेलेली पहिलीच. पाणी अजून मोजते. मागच्या महिन्यात मॅडमचा फोन आला.

"यंदा परत परिषद आहे. जुनं विसर. तुझ्या वह्या पाठव. एक मुलगी आहे, छान बोलते."

मला घाम आला होता, खोटं कशाला सांगू. पण मी म्हटलं, "वह्या देणार नाही, मॅडम. त्या मुलीला पाठवा. सहा महिने माझ्याबरोबर चिखलात उतरू दे. मग तिचं ती बोलेल."

"शिंगं फुटलीत तुला," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मुलगी आली नाही. येणार नाही बहुतेक. वह्या पेटीत आहेत आणि पेटीतच राहतील. या खाडीबद्दल कुठेही बोलायचं असेल तर जिने पाणी भरलं ती बोलेल. ती चालत नसेल, तर आमच्या आकड्यांवाचून परिषद होऊ दे.