सांबर शिंकलं तेव्हा

तैवानच्या डोंगरातल्या बुनून आदिवासींच्या वस्तीत उमासला सगळे चिडवत, "हा सांबर मारायला जात नाही, पाहुण्यासारखं वेशीपर्यंत पोचवायला जातो." बोलणाऱ्यांचं काय जातं! त्याची बंदूक घरी घडवलेली, एक बार उडाला की दुसरा भरेपर्यंत जनावर डोंगरापार. नेम चुकला तर ते जखमी होऊन दरीत तडफडत पडणार, हे उमासला सोसत नसे. म्हणून तो थांबे. या मोसमात मात्र थांबणं जरा अतीच झालं होतं, दरवेळी हात हलवत परत. शेवटी थोरला भाऊ दाहू म्हणाला, "आज रिकामा आलास तर बंदूक बिउंगला. आणि वडिलांची शिकारीची डोंगरधारही त्यालाच." बिउंग हा त्यांचा चुलतभाऊ. त्या धारेवर शिकार करण्यातच उमासचा जन्म गेला होता.

सकाळी दरड कोसळलेल्या उतारावर कोवळ्या गवतात सांबर आलं. शेपटी ताठ, एक कान पुढे, एक मागे. अजून नाही. त्यानं मान खाली घातली, तरी उमास हलला नाही. पहिल्यांदा घातलेली मान खोटी असते, झटकन वर करून ते चोर शोधतं. तसंच झालं. मग शेपटी सैल पडली, मान पुन्हा खाली गेली, पुढचा पाय सरकला आणि खांद्यामागची जागा उघडी झाली. उमासनं श्वास सोडला, बोट चापावर टेकवलं.

आणि सांबर शिंकलं.

झाली का पंचाईत! शिकारीला निघताना कोणी शिंकलं तर बुनून माणूस झोळी खाली ठेवतो. बायको अबुस शिंकली म्हणून उमास कितीदा घरी बसला होता. पण शिकारच शिंकली तर परतायचं कोणी? अपशकुन तिला की मला? वडिलांनी हे कधी सांगितलंच नव्हतं. सांबर मजेत चरत होतं. उमासला आधी ते मूर्ख वाटलं, मग आपणच. त्याचा विचार संपेपर्यंत सांबरानं पाठ फिरवली, आणि पाठमोऱ्या जनावरावर तो बार टाकत नसे.

घरी चुलीपाशी दाहू आणि बिउंग बसले होते. दाहूनं विचारलं, "आज कुठे माशी शिंकली?"

"माशी नाही, सांबर."

दाहू हसला नाही. सगळं ऐकून म्हणाला, "माणूस शिंकला तर माणसानं परतायचं, सांबर शिंकलं तर सांबरानं. ते परतलं नाही, म्हणजे तुला दिलेलं होतं."

"आणि मलाच थांब म्हणत असेल तर?"

अबुसनं विचारलं, "दादा, तुम्ही काय केलं असतं?"

"मारलं असतं." दाहूनं चुलीत लाकूड सारलं. "खाल्लं नसतं बहुतेक."

तरी शब्द तो शब्द. दाहूनं उमासची बंदूक बिउंगच्या हातात दिली. बिउंगनं ती घेतली आणि उमासकडे वळून म्हणाला, "दादा, माझ्यापुढे शिंकलं तर मी काय करू?"

उमासनं दाहूकडे पाहिलं. दाहू चुलीकडे पाहत होता. उमासला रडू आलं. धार गेल्याचं दुःख होतंच, पण ज्याला ती मिळाली त्याला सांगायला आपल्यापाशी काहीच नाही, हे त्याला जास्त लागलं.