कामावर जाणारा दिगू

"नले, दिगू उठंना गं," एवढंच आई फोनवर म्हणाली. सकाळची घाई, गॅसवर भाजी, शाळेत वेळेवर पोचायचं... मी वैतागूनच म्हटलं, "अगं मग हलव ना त्याला, टेम्पो येईल आता." पलीकडून हुंदका ऐकू आला, तशी मी गॅस बंद केला. माझा धाकटा भाऊ झोपेतच गेला होता. नुकतीच पन्नाशी ओलांडलेली. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. याला आता काही आठवडे झाले, तरी माझं मन एका जागी ठरत नाही. भाकरी थापता थापता उठते, अंगणात जाते आणि कशाला आले तेच विसरते. दिगूला सांगितलं असतं तर म्हणाला असता, बरं झालं, आता तुला माझ्या येरझाऱ्या कळतील!

दिगू जन्मापासून बहिरा. नगरला मूकबधिर मुलांच्या शाळेत राहून तो लिहायला शिकला, हातांनी बोलायला शिकला, आणि सुटीत घरी आला की आम्हालाही शिकवायचा. चुकलं की डोक्यात टपली. पुढे पारनेरात एका टेलरकडे कामाला लागला. तिशीत त्याला अंधारात दिसेनासं झालं, मग बाजूचं दिसेना, आणि चाळिशीच्या आतच होता नव्हता तो उजेडही गेला. दोन्ही डोळे जाता जाता त्यानं एका गिऱ्हाइकाच्या विजारीचे दोन्ही पाय एकमेकांना शिवले. टेलर हसला, आम्ही हसलो, दिगूही हसला. दुसऱ्या दिवसापासून तो घरी बसला.

बसला म्हणणंही चूकच. दारापासून गोठ्यापर्यंत आणि गोठ्यापासून दारापर्यंत दिवसभर येरझाऱ्या. कपाळ चौकटीला आपटून टेंगूळ यायचं, तरी चालणं थांबत नसे. त्याच्याशी बोलायचं तर तळहातावर बोटानं अक्षरं काढायची, नाहीतर आपल्या हातांच्या खुणा त्याच्या हातांना चाचपू द्यायच्या. कान ओढला की मी, हनुवटीला हात लागला की आई. पण बोलायला तरी काय असायचं? "जेवलास का," "जेवलो." दिगू काही गरीब गाय नव्हता. ताट उशिरा आलं की सरकवून द्यायचा, चहात साखर कमी पडली की कप पालथा घालायचा. आई बिचारी रडकुंडीला यायची.

मग आईनं तिच्या परीनं एक तोड काढली. वाण्याचं काम मिळालंय असं सांगून मूग आणि हुलगे एकत्र केलेली पाटी ती त्याच्यापुढे ठेवायची. गोल ते मूग, चपटे ते हुलगे. दिगू बोटांनी वेगळं करायचा, आठवड्याला आई त्याच्या हातावर पैसे ठेवायची. काही महिने घरात शांतता होती. मग त्याला शंका आली. वाण्याचं धान्य दर वेळी तेवढंच कसं? एके दिवशी त्यानं निवडलेल्या मुगात तळाशी एक चिंचोका दडवला. दोन दिवसांनी नव्या पाटीत बोटं फिरवताना तोच चिंचोका हाताला लागला. तो अंघोळीला गेला की आई निवडलेलं धान्य पुन्हा कालवत होती!

त्यानं आरडाओरडा केला नाही. आईचा हात धरला, चिंचोका तिच्या तळहातावर ठेवला आणि तिची मूठ मिटली. त्यानंतर तो जेवेना. मी धावत आईकडे गेले तर ती चुलीपाशी बसलेली. "त्याचं मन रमावं म्हनून केलं गं. वाईट का केलं म्या?" मला आईचाही राग येईना आणि दिगूचाही. दिगूनं माझे हात ओढून घेतले आणि खुणा केल्या, "मी लहान आहे का? खेळणं नको. काम दे."

काम दे म्हणणं सोपं. मी त्याला घेऊन हिंडले. साहेब लोक त्याच्याकडे न बघता माझ्याशीच बोलायचे. एक म्हणाले, "पेन्शन मिळतं ना त्यांना? मग कशाला उन्हातान्हात?" एक कारखानदार म्हणाले, "काही झालं तर जबाबदारी कोणाची?" त्या सगळ्यांच्या बोलण्यात इतकी माया होती की मला त्यांची टेबलं उलथून टाकावीशी वाटली. बाहेर आलं की दिगू विचारायचा, "काय म्हणाले?" आणि मी त्याच्या हातावर काय लिहू? एकदा नुसता हात धरून उभी राहिले. त्याला कळलं. त्यानं माझा कान ओढला आणि पुढे चालायची खूण केली.

शेवटी आमच्याच गावाबाहेर रोपवाटिका चालवणाऱ्या कमलताई भेटल्या. तोंडाच्या फटकळ. माझं सगळं ऐकून म्हणाल्या, "मास्तरीनबाई, दया बिया मला जमत न्हाई. काम जमलं तर पगार, न जमलं तर राम राम." हे मी दिगूच्या हातावर जसंच्या तसं लिहिलं. तो ताठ उभा राहिला.

काम होतं कलिंगडाचं बी लावायचं. ट्रेच्या खणांत नारळाचा भुसा भरायचा, बोटानं खळगा करायचा, प्रत्येकात एकच बी टाकून वरून भुसा सारायचा. कमलताईंनी फाटकापासून शेडपर्यंत आणि शेडपासून नळापर्यंत दोर बांधून दिला. मजुरांच्या टेम्पोत त्याची जागा ठरली. पण पहिल्या खेपेला दिगूनं उत्साहाच्या भरात बी फार खोल दाबलं आणि अर्धे खण उगवलेच नाहीत. बाईंनी त्याचा हात धरून रिकाम्या खणांवरून फिरवला, प्रत्येक खणापाशी हातावर चापट दिली. घरी आल्यावर त्यानं तो सगळा प्रसंग आम्हाला करून दाखवला. बाईंचा पदर खोचणं, चापट, फणकारा... आणि हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत त्याला कुणी रागावलंच नव्हतं! आई मात्र माझ्या कानाशी लागली, "तिथं सावली तरी हाय का गं?"

त्यानंतरचा दिगू वेगळा. येरझाऱ्या थांबल्या. पाठ दुखते म्हणून कुरकुर करायचा, मालकीण कंजूष आहे म्हणायचा, रविवारी उशिरापर्यंत झोपायचा. चारचौघांसारखा अगदी. सकाळी मात्र सगळ्यांच्या आधी तयार होऊन ओट्यावर उभा. टेम्पो आला की ओट्याला हादरा बसतो, तो पायांना कळतो, असं त्याचं म्हणणं.

तो गेल्यानंतरच्या दिवसांत लोक भेटायला येत होते. जो तो म्हणायचा, "सुटला बिचारा." आई ऐकून घेत होती. एका दुपारी मात्र तिचा तोल गेला. "सुटला? कशातनं सुटला? दुसऱ्या दिशी कामाव जायचं हुतं त्याला!" बायका पदर सावरत उठल्या. त्याच दिवसांत कमलताईंचा फोन आला. सुतकातच. "ताई, वाईट वाटून घिऊ नका, पन माझं काम अडलंय हो. शेतकऱ्याला रोपांची तारीख दिलीय, आन ट्रे भरायला मानूस न्हाई." घरच्यांना ते फार लागलं. काळवेळ नाही का, म्हणाले. मला मात्र तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं रडू फुटलं. माझ्या दिगूवाचून कुणाचं तरी काम अडलं होतं...

दिवसकार्य झाल्यावर रविवारी मी रोपवाटिकेत गेले. दोर धरून शेडपर्यंत चालले. त्याच्या पाटावर पाय दुमडून बसले आणि ट्रे पुढे ओढला. बी हातातून निसटत होतं, खळगे वेडेवाकडे होत होते, पण उठावंसं वाटलं नाही. कमलताई येऊन माझ्या डोक्यावर उभ्या राहिल्या. पदरानं डोळे पुसले, ट्रेवरून बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "न्हाई ताई, असलं चालायचं न्हाई. पुन्ना भरा."

मी ट्रे उपडा केला आणि पुन्हा भरायला घेतला.