पाठमोऱ्या बाई

बाई आमच्याकडे पाठ करून शिकवायच्या. मंगळवार पेठेत एका पिठाच्या गिरणीवर, दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली होती. खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात ठेका वाजवणारं छोटं यंत्र आणि खिडकीशी एक स्टूल. त्या स्टुलावर रस्त्याकडे तोंड करून बाई बसत. मांडीवर सूप घेऊन गवारीच्या शेंगा मोडत, नाहीतर मेथी निवडत. मागे फरशीवर मी कथकची पावलं टाकत असे. सुरुवातीला मला वाटलं, बाईंचं काही लक्ष नाही. एके ठिकाणी पाऊल विसरलो, तेव्हा नुसतं जागच्या जागी डोलून वेळ मारून नेली. शेंगा मोडायचा आवाज थांबला. बाई मान न वळवता म्हणाल्या, "अकराव्या मात्रेचा पाय कुठं ठेवून आलास? गिरणीत?"

पुढे धीर आल्यावर मी एकदा विचारलं, "बाई, तुम्ही बघत का नाही?"

"डोळे भुलतात रे," त्या म्हणाल्या. "एखाद्याचं नाक बरं असलं, सदरा बरा असला, की तो नाचतोयही बरा असं वाटायला लागतं. कानाला सदरा दिसत नाही."

मी कागलजवळच्या खेड्यातला. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. चार म्हशी, थोडा ऊस, आणि मी त्यांचा एकुलता एक मुलगा. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. बी.एस्सी. झाल्यावर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात माल तपासायच्या कामावर लागलो. नाचाचं वेड लागलं ते कॉलेजात असताना. एका कार्यक्रमात पडदा ओढायचं काम माझ्याकडे होतं. विंगेत खाली बसून मला कथक करणारीचे फक्त पाय दिसत होते. त्या पायांनी मला असं काही धरलं की पडदा ओढायचाही मी विसरलो आणि सरांच्या शिव्या खाल्ल्या. तेव्हा शिकणं जमलं नाही. स्वतःचा पगार सुरू झाल्यावर, चोविसाव्या वर्षी, मी शिक्षक शोधायला निघालो.

ते शोधणं सोपं नव्हतं. पहिल्या क्लासात भिंतभर आरसे होते आणि शिकवणारा माझ्याहून लहान होता. "भावा, टेन्शन घेऊ नको," तो म्हणाला. "म्हैन्याभरात लग्नाच्या संगीतला उभा करतो की तुला!" मला कुणाच्या लग्नात उभं राहायचं नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी कथक होतं, पण शिकायला सगळ्या सात-आठ वर्षांच्या मुली. बाहेर बसलेल्या आयांपैकी एकीनं मला सरकून जागा दिली आणि विचारलं, "तुमची मुलगी कुठल्या बॅचला?" मलाच शिकायचंय, असं म्हटल्यावर तिनं पर्स उचलून मांडीवर घेतली. तिथल्या मॅडम सभ्य होत्या. त्यांनी सांगितलं, "मोठ्यांसाठी आम्ही झुंबा घेतो."

शेवटी कारखान्यातला एक सोबती म्हणाला, "आमच्या मावशीच्या गल्लीत एक बाई हायत. एकेकाला येगळं बोलवून शिकवत्यात. पण शिकवत्यात का भांडत्यात, त्ये कळत न्हाय बघ."

बाई पोस्टातून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं. तरुणपणी दर शनिवारी बेळगावला जाऊन त्या एका गुरुजींकडे शिकल्या होत्या. मी दारात उभा राहिलो, तर त्यांनी माझं वयही विचारलं नाही आणि कशासाठी शिकायचंय हेही नाही. म्हणाल्या, "जिना उतर आणि परत चढून ये." मी चढून आलो. "परत." असं तीनदा झालं. मग विचारलं, "डावा पाय कधी मोडला होता?"

मी गार पडलो. आठवीत असताना उसाच्या ट्रॉलीवरून पडलो होतो. चालताना ते घरच्यांनाही कळत नाही. "रविवारी आठला ये," बाई म्हणाल्या. "डाव्या पायाला आधी शिकवू. उजवा येईल मागनं."

सहा महिने त्यांनी मला हात उचलू दिला नाही. "हात नंतर. हात सगळ्यांनाच येतात." फक्त ता थेई थेई तत, आधी तोंडानं, मग पायानं. घुंगरू वर्षभरानं मिळाले, तेही आयते नाहीत. सुटे घुंगरू आणि जाड दोरी पुढ्यात टाकून म्हणाल्या, "ओव. प्रत्येकाला वेगळी गाठ." दोन रविवार मी नुसत्या गाठी मारत होतो. बाई शेजारी बसून सैल गाठ दिसली की काही न बोलता सोडून ठेवायच्या.

चुकलो की मी घाबरून पाय हलका टाकायचो. ते त्यांना अजिबात खपत नसे. "चूक मोठ्यानं कर. अशी बारीक चूक केलीस की मला ती शोधत बसावी लागते." कारखान्यात आजही एखादा नवा मुलगा बिघडलेला माल ढिगाखाली सरकवायला लागला, की मी हेच सांगतो. बाईंनी कधी 'छान' म्हटलेलं मला आठवत नाही. फार झालं तर 'चालेल'. ज्या रविवारी 'चालेल' मिळे, त्या रविवारी मी कागलपर्यंत गाडीवर मोठमोठ्यानं बोल म्हणत जायचो.

आता माझ्या खोटेपणाबद्दल लिहायला हवं, कारण बाई काय होत्या ते मला त्यातूनच कळलं.

आबांची इच्छा होती की मी स्पर्धा परीक्षा देऊन तहसीलदार व्हावं. दर रविवारी मी कोल्हापूरला कसल्याशा क्लासला जातो म्हटल्यावर त्यांनी गृहीत धरलं की तो परीक्षेचाच. मी 'नाही' म्हटलं नाही. पुढच्या रविवारी त्यांनी गाडीच्या हँडलला दोन लिटरची किटली अडकवली. "मास्तरास्नी दे. शहरात असलं दूध मिळतंय व्हय?" मी ती बाईंना नेऊन दिली आणि म्हणालो, "घरचं आहे, आबांनी दिलंय." एवढं खरंच होतं. त्यानंतर दोन वर्षं दर रविवारी दूध जात राहिलं. म्हैस व्याली की चीक जाई. बाई त्याचा खरवस करून अर्धा मला खाऊ घालत. "तुझे वडील मोठ्या मनाचे आहेत," त्या म्हणत. "नाहीतर मुलगा नाचायला जातो म्हटल्यावर दूध कोण पाठवतं?" मी खाली बघून खरवस खात असे.

एका रविवारी माझा फोन खिडकीत ठेवलेला होता. तो सारखा वाजायला लागला. ठेका मोडत होता, म्हणून बाईंनीच उचलून 'हॅलो' म्हटलं. आबांचा आवाज फोनशिवायही ऐकू येतो. "नमस्कार मास्तरीणबाई! पोरगं कसं हाय अभ्यासात? हुतंय का न्हाय तासीलदार?"

बाईंनी ठेक्याचं यंत्र बंद केलं. मग म्हणाल्या, "मेहनत करतोय. बाकीचं तो तुम्हाला सांगेल." फोन ठेवला आणि पहिल्यांदाच स्टूल फिरवून माझ्याकडे तोंड करून बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हे दूध कुणासाठी येत होतं?"

मी सगळं सांगितलं.

"मी दोन वर्षं दुसऱ्याच्या नावाचं दूध प्यायले," त्या म्हणाल्या. "आता ते परतही देता येत नाही. घरी सांग. सांगेपर्यंत माझ्या फरशीवर पाय ठेवायचा नाही."

"बाई, आबा क्लास बंद करतील."

"करतील. मग बंद."

चार रविवार मला धीर झाला नाही. किटली घेऊन निघायचो आणि कळंब्याच्या तलावावर जाऊन बसायचो. दूध तिथल्या चहाच्या गाडीवाल्याला देत होतो. चौथ्या रविवारी तो म्हणाला, "पावणं, एक विचारू? म्हशी चोरीच्या न्हाईत न्हवं?" मी हसलो, पण घरी परतताना ते हसू टिकलं नाही. त्या चार आठवड्यांत पायांना जे वाटत होतं ते मला नीट सांगता येत नाही. कारखान्यात मशीनच्या ठोक्यावर टाच आपोआप हलायची आणि मी ती दाबून धरायचो.

त्याच संध्याकाळी गोठ्यात गेलो. आबा धार काढत होते.

"आबा, मी ऐतवारी परीक्षेच्या क्लासला जात न्हाय."

"मंग?"

"नाच शिकतोय."

धारेचा आवाज तसाच चालू राहिला. "सिनेमातला?"

"न्हाय. कथक."

"दाव."

मी चपला काढल्या आणि तिथंच ता थेई थेई ततचा तत्कार सुरू केला. म्हैस बिचकली, दोन पावलं सरकली, आणि बादलीतला आवाज बंद झाला. आबांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग अर्धी बादली घेऊन उठले.

"बास कर. पान्हा चोरला तिनं." ते गोठ्याच्या दारात थांबले. "डेअरीत रोज रांगेत उभारून सांगतोय मी, पोरगं सायेब हुनार म्हणून. नाच म्हणाला असतास तर शिव्या दिल्या असत्या आन् गप बसलो असतो. लोकांत मला खोटं पाडलंस की रं."

त्या आठवड्यात ते माझ्याशी बोलले नाहीत. रविवारी हँडलला किटली नव्हती. तरी मी गेलो. बाईंनी माझे रिकामे हात पाहिले. "सांगितलंस तर," एवढंच म्हणाल्या आणि ठेका लावला. त्या दिवशी त्यांनी मला सलग तीन तास नाचवलं.

पुढच्या गुरुवारी सकाळी, माझी दुपारची पाळी होती म्हणून मी घरी होतो, तर आमच्या अंगणात बाई उभ्या. एसटीनं आलेल्या. आबांना नमस्कार करून त्यांनी सरळ सुरुवात केली. "तुमचं दूध मी प्यायले. ते मास्तरासाठी होतं, मला ठाऊक नव्हतं. पण प्यायले हे खरं. म्हणून सांगायला आले."

आबा पंच्यानं ओटा झाडायला लागले. "अवो बाई, दुधाचं काय काढताय... बसा की."

बाई ओट्यावर बसल्या. आबांनी विचारलं, "तयार हुईल का पोरगं?"

"मोठा कलाकार नाही व्हायचा. उशिरा आलाय आणि एक पाय कच्चा आहे. पण मन लावून करतो."

"मंग त्यातनं मिळायचं काय?"

"काही नाही."

मला ते ऐकून लागलं. आबा मात्र हसायला लागले. गोठ्यातल्या त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा. "बाई, तुमी लई सरळ बोलता." आईनं चहा आणला, तो आबांनी स्वतः बाईंच्या हातात दिला. "घ्या. ह्यो च्या तुमच्याच नावचा हाय."

रविवारी किटली पुन्हा हँडलला आली. पण मनातली अढी पुरती गेली नव्हती. डेअरीच्या रांगेत कुणी विचारलं, "पोरगं काय म्हणतंय?" तर आबा म्हणत, "कंपनीत हाय," आणि लगेच दुधाच्या फॅटचा विषय काढत. पोरगं नाचतं, हे त्यांच्या तोंडून बाहेरच्या कुणासमोर कधी निघालं नाही. मी मागे उभा असायचो. त्यात त्यांची चूक होती असं मला वाटत नव्हतं. पण वाट मात्र बघत होतो.

गेल्या वर्षी बाईंच्या गुडघ्यांनी जिना सोडला. धाकट्या बहिणीकडे धारवाडला राहायला जायचं त्यांनी ठरवलं. शेवटच्या तासाला मी विचारलं, "आता मी कुणाकडे जाऊ?"

"लगेच कुणाकडे जाऊ नकोस. सहा महिने एकटा कर. मग जिथं जाशील, तिथं पहिल्या दिवशी विचार, माझं काय चुकतंय. 'छान आहे' म्हणाले, तर चपला घालून निघून ये."

सामान खाली उतरवायला त्यांनी सगळ्या शिष्यांना एकाच रविवारी बोलावलं. आम्ही अकरा जण निघालो. एक दातांचे डॉक्टर, एक रिक्षावाला, दोन कॉलेजच्या मुली, बँकेतल्या एक पन्नाशीच्या बाई. प्रत्येकाची वेळ वेगळी असल्यानं आम्ही एकमेकांना कधी पाहिलंच नव्हतं. जिन्यात सामान घेऊन अडकलो की एकमेकांना विचारत होतो, "तुम्हाला हात किती महिन्यांनी मिळाले?" डॉक्टरांना म्हणे दहा महिने लागले होते. मला उगीच बरं वाटलं.

टेम्पो आबांनी आणला होता, डेअरीतल्या एका ओळखीच्याचा. ते गिरणीसमोर टेम्पोला टेकून उभे होते. डॉक्टर घाम पुसत त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "पावणं, टेम्पो धारवाडपर्यंत भाड्यानं का?"

गिरणीवर दळणाला आलेली माणसं होती, गल्लीतली होती, आम्ही होतो. आबांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं.

"भाड्यानं न्हाय," ते त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले. "माझा पोरगा हितं नाच शिकतोय. तीन वर्सं झाली."

वर खिडकीत बाई उभ्या होत्या. आबांनी फुटपाथवरच्या कपाटाचं एक टोक उचललं आणि डॉक्टरांना म्हणाले, "धरा की तिकडनं. आन् बेतानं, बाईंचं हाय."