गाळलेला 'व'

माझ्या ताईला नाट्यगृहात सगळे 'कुजबुज' म्हणतात. तिचं खरं नाव घ्यायची कुणाला गरजच पडत नाही. रंगमंचाच्या पुढच्या काठाला एक खड्डा आहे, त्यावर लाकडी टोपण. त्यात बसून ती गाणाऱ्यांना पुढची ओळ हळूच सांगते. लग्नाआधी ती स्वतः गायची, आणि अशी गायची की माझ्यासारखी सुरांची वैरीणही हातातलं काम टाकून ऐकायची. मग तिच्याच नाटकमंडळीच्या मालकाशी तिचं लग्न झालं आणि भावोजी म्हणाले, "घरची माणसं पडद्यामागेच शोभतात." तेव्हा मी लहान होते, म्हणून त्यांचे दात शाबूत राहिले.

यंदा भावोजींनी एक जुना विनोदी ऑपेरा काढला. एका परक्या मुलीला एक सरदार कोंडून ठेवतो. तिचा प्रियकर शिडी लावून तिला पळवायला येतो, पकडला जातो, आणि शेवटी सरदारच मन मोठं करून दोघांना जाऊ देतो. म्हणजे कोंडणाराही तोच आणि टाळ्या घेणाराही तोच! या सरदाराला गाणं नाही, नुसती वाक्यं आहेत. ते काम भावोजींनी स्वतःकडे घेतलं, कारण सुरांशी त्यांचं नातं सासू-सुनेचं. माझं इस्त्रीचं दुकान आहे. त्यांचा तो घोळदार झगा माझ्याकडेच यायचा, आणि एकेका चुणीला मी एकेक शिवी घालायचे.

नायिका म्हणून एक नवी पोरगी होती. शेवटच्या प्रवेशात तिने प्रियकराकडे वळून "सोडव मला" म्हणायचं, आणि त्यातला 'व' नेमका सगळ्यात उंच सुरावर. तिथे तिचा दम संपायचा आणि निघायचं नुसतं "सोड मला". बिचारा प्रियकर गोंधळून तिचा हात सोडून द्यायचा.

"व! अगं, व!" खड्ड्यातून ताई ओरडायची. "एका 'व'पायी जन्मभर कैदेत राहशील!"

सगळे हसायचे. ताईही हसायची.

पहिल्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी पोरीचा घसा बसला. सगळी गाणी तोंडपाठ असलेलं दुसरं माणूस मंडळीत एकच होतं. ताई धावत माझ्याकडे आली. "नायिकेचा झगा मला होईल का गं?" लग्नानंतर तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला तरी आठवत नाही. मी लगेच बाजूच्या शिवणी उसवायला घेतल्या.

तिच्या मागोमाग आलेल्या भावोजींनी तो झगा माझ्या हातातून ओढून घेतला. "वेड लागलंय का? या वयात नायिका? तू आपली खड्ड्यातूनच गा. पोरगी वर ओठ हलवेल."

टोपणाची प्रेक्षकांकडची फळी काढून तिथे काळं कापड लावलं. आवाज बाहेर जावा, पण बाई दिसू नये! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ताई, नाही म्हण," मी म्हटलं. ती भावोजींना एवढंच म्हणाली, "पडदा पडल्यावर लोकांना सांगाल ना, कोण गात होतं ते? माझं नाव घेऊन?"

"सांगेन की! त्यात काय एवढं?"

प्रयोगाला मी विंगेत उभी होते. तिथून खड्डा दिसतो. ताई मान वर करून गात होती, घामाने निथळत होती, आणि वर ती पोरगी छातीवर हात ठेवून टाळ्या घेत होती. मला रडू आलं, तेही रागाचंच.

मध्यंतरात कुणी बडे पाहुणे आत आले. खड्ड्याच्या काठावर उभे राहून भावोजी त्यांना म्हणाले, "हा गळा मीच हेरला. मेहनतही सगळी माझी." खाली ताई पाणी पीत होती. तिने पेला खाली ठेवला.

शेवटचा प्रवेश आला. पोरगी प्रियकराकडे वळली. ताईने मात्र सरळ सरदाराकडे, म्हणजे आपल्या नवऱ्याकडे बघितलं आणि तो उंच सूर लावला.

"सोड मला."

'व' नव्हता. दम संपला म्हणून नव्हे. सूर तर छताला भिडला होता. भावोजी खड्ड्याकडे बघतच राहिले आणि पुढचं वाक्य साफ विसरले. वाद्यं थांबलेली, नाट्यगृह गप्प. मग त्यांनी नेहमीसारखी भुवई उडवली. म्हणजे, सांग.

ताईने नेहमीसारखंच हळूच सांगितलं, "जा. मी तुला सोडलं."

"जा!" भावोजी गरजले. "मी तुला सोडलं!"

टाळ्यांनी नाट्यगृह दणाणून गेलं. पडदा पडल्यावर भावोजींनी सुताराचं नाव घेतलं, दिवेवाल्याचं घेतलं, पोरीचं तर दोनदा घेतलं. ताईच्या तोंडाला पानं पुसली. पण ती ते ऐकायला थांबलीच नव्हती. मी परतले तेव्हा दुकानामागच्या माझ्या खोलीत ती शांत झोपली होती.

सकाळी भावोजी दारात हजर. "अगं, चल लवकर. संध्याकाळी प्रयोग आहे आणि त्या पोरीचा घसा अजून बसलेलाच आहे."

मी गरम इस्त्री हातात घेऊनच पुढे झाले. ताईने मला मागे सारलं.

"तुम्ही मला सोडलंत," ती म्हणाली. "भरल्या नाट्यगृहात. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"अगं, ते नाटकातलं वाक्य होतं!"

"हो ना. विसरला होतात. मीच सांगितलं."

भावोजींनी बोलायला तोंड उघडलं. मग तिच्याकडे बघून त्यांनी सवयीने भुवई उडवली.

ताईने काही सांगितलं नाही.