लोड किती, म्हात्रेकाका?

सबस्टेशनच्या कंट्रोल रूममधली नोकरी म्हणजे मीटरच्या काट्याकडे बघत बसायचं. बाहेर ट्रान्सफॉर्मर गुणगुणत असतो, डोळे जड होतात आणि किस्से कधी साठले ते कळतच नाही. माझ्या बहुतेक किश्श्यांत म्हात्रेकाका असतात. दिघ्याचे, माझे सीनियर ऑपरेटर.

*

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "काका, लोड किती?"

त्यांनी मीटर सोडून खिडकीबाहेर पाहिलं. "पावन्याच्या कारखान्यांत जेवनाची सुट्टी झाली. आता पडंल."

काटा खरंच हळूहळू खाली आला!

"मॅडम, लोड म्हंजे मानसं. ती जेवायला बसली का काटा निजला!"

*

शेजारच्या डेटा सेंटरचा इंजिनीअर एकदा धावत आला. "आज बारावीचा रिझल्ट! सर्व्हरवर प्रचंड लोड येणार!"

"तुमचा लोड वेगला हाय का?" काकांनी विचारलं.

"एकाच वेळी किती जण साईट उघडतात, तो आमचा लोड."

निकाल लागला. सर्व्हर तापले, त्यांचे एसी जोरात सुरू झाले, आमचा काटा वर सरकला. काका एकटक बघत म्हणाले, "सगली पोरं एकदम घाबरली!"

*

भाऊबीजेला काकांची मुलगी सानपाड्याला बाळंत झाली. 'मुलगी झाली' एवढा मेसेज आला, पण फोन काही लागेना.

मी म्हटलं, "सणाचे सगळे एकदम फोन करतायत. टॉवरवर लोड आलाय."

"मंग सांगा त्यांना, दोन मिन्टं गप ऱ्हावा! मला नातीचं रडनं आयकायचं हाय!"

*

आणि ती मे महिन्यातली दुपार. दिघ्याच्या वस्तीला वीज नेणाऱ्या लाईनवर झेपेना इतका लोड आला. वरून फोन आला, "दहा मिनिटांत लोड उतरवा, नाहीतर लाईन बंद करा."

काकांचा चेहरा उतरला. त्यांच्या गल्लीत एक आजोबा ऑक्सिजनच्या मशीनवर होते.

त्यांनी काकूंना फोन लावला. "पंखा, फ्रीज, समदं बंद कर. गल्लीगल्लीत सांग. आजोबांचं मशीन तेवरं चालू ऱ्हाऊ दे."

आम्ही काट्यासमोर उभे राहिलो. पाच मिनिटं काहीच नाही. माझा हात स्विचजवळ. मग काटा थरथरला, खाली येऊ लागला. काका पुटपुटत होते, "हा आमचा फ्रीज... ही सखूची गिरन... हा देवलातला पंखा..."

एका फ्रीजने तो काटा हलत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी मीसुद्धा मोजू लागले.

नवव्या मिनिटाला काटा लाल रेघेखाली उतरला. लाईन चालू राहिली! काका खुर्चीत बसले आणि डोळे मिटून घेतले.

ऊन कललं. लोड केव्हाच उतरला होता, आम्ही निवांत चहा पीत होतो. साडेसहाला काकूंचा फोन आला.

"अवो, सगली वस्ती इचारते, आता पंखा लावू का?"