बाबांनी कुठून वाचायला घ्यावं

आमच्या टाउनशिपमध्ये माणसाला आधी क्वार्टरचा टाइप विचारत आणि मग नाव. भोपाळच्या एका मोठ्या सरकारी कारखान्याची वसाहत ती. तिथे झाडांनासुद्धा सिनिऑरिटी आहे असं आई म्हणायची, कारण साहेबांच्या बंगल्यांसमोरच्या झाडांना टँकरने पाणी मिळे आणि आमच्या दारातला कडुनिंब देवाच्या भरवशावर होता. अशा ठिकाणी वाढलेल्या पोरांनी कॉमिक्स वाचायचेही आधी नियम केले आणि मग ती वाचायला घेतली, यात नवल नाही.

कॉमिक्स हिंदीतली. त्यातल्या वीराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्या नावावरून माझ्या वयाची, टक्कल पडलेली माणसं अजून फोनवर भांडतात. एवढंच सांगते की दिवसा तो हवामान खात्यात कारकून होता आणि संकट आलं की हातातून वीज सोडायचा. त्याचा डावा हात तांब्याचा होता. दर महिन्याला एक अंक यायचा. मी वाचायला लागले तोवर त्याचं एक लग्न, दोन मृत्यू आणि एक बढती होऊन गेली होती. बढती पुढे रद्द झाली. मृत्यूही.

नव्या माणसाने कुठून सुरू करावं यावर टाउनशिपचं एकच अधिकृत मत होतं: पहिल्या अंकापासून. आमच्या वरच्या मजल्यावरचा एक दादा याबाबत फार कडक होता. इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेसाठी तो दुसऱ्यांदा घरी बसला होता, त्यामुळे त्याच्याकडे मतांना वेळ होता. कुणी मधलाच अंक उचलला की तो अशा नजरेने बघे, जणू हा स्वतः त्या वीराच्या बारशाला जेवून आलाय. "बीच से पढ़ना मतलब बिना टिकट सफ़र करना," असं त्याचं म्हणणं.

अडचण एवढीच होती की पहिला अंक कुणाकडे नव्हता. म्हणजे होता, एकाच ठिकाणी. कारखान्यातल्या सगळ्यांत मोठ्या साहेबांच्या मुलाकडे, बंगल्यात, लोखंडी कपाटात. तो कुणी पाहिला नव्हता, पण त्याच्यावर सगळ्यांची श्रद्धा होती. आम्ही सगळे मधूनच वाचायला लागलेले, आणि सगळेच दुसऱ्याला पहिल्यापासून वाच म्हणून सांगणारे. दादाने स्वतः कुठून सुरू केलं होतं हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

माझे बाबा त्याच कारखान्यात इंजिनिअर होते, पण कारखान्यात ते फारसे नव्हतेच. भोपाळला बनलेली टर्बाइनं देशभरात जिथे जिथे जात तिथे ती उभी करून चालू करायला माणसं लागत, आणि बाबा त्यांतले एक. याला आमच्याकडे 'साइटवर असणं' म्हणत. मी जन्मले तेव्हा बाबा साइटवर होते. माझ्या बारशाच्या फोटोत आत्या आहे, शेजारच्या काकू आहेत, उगाचच मध्ये आलेला दूधवाला आहे. बाबा नाहीत. त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी रांगत होते, आणि त्यांना बघून रडत आईकडे गेले, असं आई सांगते.

मी पाचवीत असताना ते उन्हाळ्यात मोठ्या रजेवर घरी आले. रजा संपली की पुढची साइट ठरलेली होती. ते स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे वावरायचे. पाणी प्यायचं तर "पेले कुठे असतात गं?" विचारायचे. आई त्यांना चहा चांगल्या कपातून द्यायची, जे कप एरवी काचेच्या कपाटात असत. माझ्याशी त्यांचं बोलणं असं: "अभ्यास कसा चाललाय?" "चांगला." की संपलं. मग दोघंही पंख्याकडे बघत बसायचो. मला त्यांची भीती वाटत नव्हती. वाईट वाटायचं. ते पुन्हा जायच्या आत आमच्यात काहीतरी सुरू व्हायला हवं होतं आणि ते कसं सुरू करतात हे मला माहीत नव्हतं. त्यांनाही नसावं.

एका संध्याकाळी मी पायरीवर बसून कॉमिक्स वाचत होते. बाबा बाहेर आले, थोडा वेळ मागे उभे राहिले आणि म्हणाले, "बरं दिसतंय. मीही वाचू का? कुठून घेऊ वाचायला?"

मी हातातलंच पुढे करणार तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला. "शुरू से, अंकल. एक नंबर से। बीच से कुछ समझ में नहीं आएगा।" दादा जिना उतरता उतरता थांबला होता.

बाबा इंजिनिअर. त्यांना ते एकदम पटलं. "बरोबर आहे त्याचं," ते मला म्हणाले, "ड्रॉइंगसुद्धा पहिल्या शीटपासूनच बघतात." आणि माझ्या बाबांची रजा पहिल्या अंकाच्या शोधात खर्च व्हायला लागली.

आधी आम्ही अशोका गार्डनला गेलो, रेल्वेलाइनजवळच्या भाड्याने कॉमिक्स देणाऱ्या दुकानात. दुकानदाराने खालून वरून शोधलं आणि म्हणाला, "पहला तो कब का फट गया, भाई साहब। ये ग्यारहवाँ ले जाओ, ये भी पहले जैसा ही है।" बाबांनी त्याला पहिला आणि अकरावा यांतला फरक समजावून सांगितला. माणूस ऐकून घेणारा होता, पण अंक काही निघाला नाही.

मग आम्ही कोटरा सुल्तानाबादला बाबांच्या मावसभावाकडे गेलो. नागपूरचं सरकारी ऑफिस भोपाळला आलं तेव्हा त्यांचे वडील त्याच्याबरोबर आले होते, आणि काकाही पुढे त्याच खात्यात चिकटले. त्यांचा मुलगा कॉमिक्स वाचायचा, पण बोलायची संधी त्याला मिळाली नाही. "पहिला अंक कायले पायजे तुले?" काका बाबांना म्हणाले. "जाडावाला विशेषांक घे. त्यात साऱ्याचं सार येते. मी तं फाइल बी शेवटच्या नोटिंगवरूनच वाचतो. आजवर काही अडलं नाही." काकांनी आयुष्यात एकही कॉमिक्स उघडलं नव्हतं, पण सरकारी नोकरीत मत द्यायला ते आड येत नाही. काकूंनी पोहे केले, खाल्ले, परत आलो.

दिवस असेच चालले होते. रोज कुणीतरी नवा सल्ला देई. कुणी म्हणे तांब्याचा हात बसतो तिथून सुरू करा, कुणी म्हणे चित्रकार बदलला तिथून. वाचणं सोडून बाकी सगळं चाललं होतं. मी आतून धुमसत होते. हातात महिन्याचा ताजा अंक होता, शेजारी बाबा होते, आणि दोघांच्या मध्ये अख्खी टाउनशिप बसली होती.

शेवटच्या आठवड्यात बाबा म्हणाले, "चल, बंगल्यावर जाऊ."

हे सोपं नव्हतं. बाबा कुणाच्या मागेपुढे करणारे नव्हते. त्यांच्याबरोबरचे लोक बढतीच्या वेळी मिठाईचे डबे घेऊन त्या बंगल्यावर जायचे. बाबा नाही गेले, आणि त्यामुळेच साइटमागून साइट त्यांच्या वाट्याला येते असं आईचं मत होतं. त्या दिवशी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. आई म्हणाली, "साहेबांना भेटायला निघालात की साहेबांच्या मुलाला?" बाबा म्हणाले, "मुलालाच. साहेबांकडे माझं काही काम नाही."

मुलगा तेरा-चौदा वर्षांचा असेल. व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसून त्याने आमचं म्हणणं ऐकून घेतलं. तो उद्धट नव्हता. घरात अर्ज कसे ऐकतात हे त्याने बघितलेलं होतं, इतकंच. "ले जाने के लिए नहीं दे सकता, अंकल। यहीं देख लीजिए। और हाथ धो लीजिए, प्लीज़।"

बाबा बागेतल्या नळावर गेले, हात धुतले आणि रुमालाने कोरडे केले. त्या हातांनी वीजघरं चालू केलेली होती. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. पण बाबा शांतपणे येऊन बसले.

मुलाने कपाटातून अंक आणला. जाड प्लास्टिकच्या पिशवीत, चारी बाजूंनी चिकटपट्टी. मुखपृष्ठावर मोठ्ठा एक. "खोलना ज़रूरी है?" त्याने विचारलं. बाबा म्हणाले, "पढ़ना है ना, बेटा।" तेव्हा कळलं की त्याने स्वतःही तो कधी उघडला नव्हता. मामाने भेट दिलेला तो अंक खराब होऊ नये म्हणून त्याने आल्या दिवशीच बंद करून ठेवला होता. आता मोठ्या कष्टाने त्याने चिकटपट्टी काढली. बाबांनी पहिलं पान उघडलं. मी त्यांच्या दंडावरून वाकून बघितलं.

वरच्या चौकटीत लिहिलं होतं, 'अब तक आपने पढ़ा'. आणि खाली आमचा वीर धरणाच्या भिंतीला लोंबकळत होता. हात तांब्याचाच.

मग बाबांनी अंक उलटसुलट केला, ड्रॉइंग तपासतात तसा, आणि शेवटच्या पानावरची बारीक अक्षरं वाचून काढली. हा वीर आधी दुसऱ्याच एका मासिकाच्या मागच्या पानांवर येत असे. लोकांना आवडला, म्हणून त्याची स्वतंत्र मालिका काढली आणि आकडे नव्याने एकपासून टाकले. त्याचं बारसं, हात, लग्न, सगळं त्याआधीच उरकलेलं होतं.

बाबा हसायला लागले. त्या रजेत पहिल्यांदाच मी त्यांना मोठ्याने हसताना ऐकलं. मुलाचा चेहरा उतरला तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि अंक त्याच्या हातात दिला. आम्ही फाटकाबाहेर पडलो तेव्हा तो पायरीवर बसून वाचत होता. हात त्याने धुतले नव्हते.

स्कूटरवर बाबा मान मागे वळवून म्हणाले, "मी कुठल्याही साइटवर पहिल्या दिवशी गेलेलो नाही. आधीचा माणूस चार्ज देऊन निघून जातो. अर्धं काम झालेलं असतं, अर्धं बिघडलेलं. जुन्या फायली वाचत बसलं तर सगळं बंद पडेल. मग गेल्या गेल्या एकच विचारायचं, आज काय चालू आहे? इतकी वर्षं हेच करतोय, आणि त्या वरच्या मजल्यावरच्या पोराच्या नादाला लागून विसरलो."

त्या संध्याकाळी आम्ही ताजा अंक घेऊन पायरीवर बसलो. बाबा चांगले वाचक नव्हते. दर चौकटीला थांबत.

"हा हातातून वीज सोडतो. मग याचं अर्थिंग कुठे आहे?"

"बुटांत," मी म्हटलं. हे मी तिथल्या तिथे बनवलं होतं.

"आणि रोज दुपारी हा उडत फिरतो, तर ऑफिसात हजेरी कोण लावतं?"

"साहेब त्याच्या बाजूचे आहेत."

"मग सुखी आहे. ही बाई कोण?"

"त्याची बायको. पण तिला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"तोच तिचा नवरा आहे ते. तिची स्मृती गेलीय. तिला वाटतं, हा कुणीतरी परका आहे आणि सारखा घरी येतो."

बाबांचं बोट त्याच चौकटीवर राहिलं. आतून पोळ्या लाटता लाटता आई म्हणाली, "विचारा, विचारा. मीही इतकी वर्षं तुम्हाला मधूनच वाचतेय." मला हसू आलं आणि बाबा अंकात डोकं खुपसून बसले. दुसऱ्या दिवशी आईने त्यांना चहा रोजच्या कपातून दिला.

ते पुढच्या साइटवर गेले. त्यानंतर रजा मिळे ती चार-दोन दिवसांची, त्यातले दोन प्रवासात जात. ते भोपाळला कायमचे परतले तेव्हा मी नववीत होते. कॉमिक्स कधीच सुटली होती. बीजगणित, मैत्रिणी आणि आरसा यांच्यापुढे त्या वीराचं काही चाललं नाही. ते आले त्या दुपारी जेवणानंतर आमचं बोलणं झालं. "अभ्यास कसा चाललाय?" "चांगला." पंखा तोच होता.

संध्याकाळी ते ट्रंक उघडून बसले. स्वेटरच्या खाली कॉमिक्सचा गठ्ठा होता, सगळे अंक ओळीने लावलेले. मी दारात थांबले.

"त्याचा तांब्याचा हात गेला," बाबा वर न बघता म्हणाले. "कळलं का तुला?"

मला माहीत नव्हतं. आणि घरचीच बातमी बाहेरून कळावी तसं ते मला लागलं. "कधी? कसा?"

"फार झालंय मधल्या काळात."

"मग मी पहिल्यापासून वाचते," मी म्हटलं आणि गठ्ठ्याच्या तळाशी हात घातला.

बाबांनी सगळ्यांत वरचा अंक काढून माझ्यापुढे धरला. "पहिल्यापासून कशाला? तुझ्या बारशाला तरी कुठे होतो मी? दर वेळी येतो तेव्हा तू निराळीच झालेली असतेस. विचारत विचारत चाललोय." ते सतरंजीवर थोडे सरकले.

मी शेजारी बसले आणि मधलंच एक पान उघडलं.

"ही बाई कोण?" मी विचारलं.

"त्याची बायको," बाबा म्हणाले. "आता तिला माहीत आहे."