काकांचा प्रचार

न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनमध्ये आमचे डॉक्टरकाका कौन्सिलच्या निवडणुकीला उभे राहिले आणि प्रचार माझ्या गळ्यात पडला. दार उघडलं की ‘किया ओरा’ असा माओरी नमस्कार करून मत मागायचं, एवढं साधं काम. काका मात्र विचारायचे, झोप लागते का नीट?

एका घराच्या कुंपणावर तर विरोधी उमेदवाराचा बोर्ड होता. तरी काका आत शिरले, तिथल्या म्हातारबुवांची छाती तपासली आणि आमचंच पत्रक उलटं करून त्यावर पथ्य लिहून दिलं.

“काका, मत कोण मागणार?” मी तडकले.

“अगं, खोकतायत ते!”

शनिवारी मी तिथून गेले. बोर्ड जागेवरच होता. पण म्हातारबुवांनी ते पथ्य स्वयंपाकघराच्या खिडकीला आतून चिकटवलं होतं, आणि पत्रकावरचा काकांचा हसरा फोटो काचेतून रस्त्याकडे बघत होता.

त्या दिवसापासून काकांच्या खिशात पेन आहे ना, हे मीच बघायला लागले.